पोहे वजा करून उरलेलं शहर

आमच्या भूगोल विभागाच्या व्हरांड्यात एक नोटीस बोर्ड आहे. त्यावर 'संशोधनाच्या संधी' या ठळक अक्षरांखाली वर्षानुवर्षं त्याच जातीचे कागद लागलेले असायचे: उपग्रहचित्रांचं प्रशिक्षण, शिष्यवृत्तीची परीक्षा, नर्मदेच्या खोऱ्यावरचं कुठलंसं चर्चासत्र. चाळिशी ओलांडल्यावर मी त्या बोर्डासमोर पुन्हा येऊन उभी राहिले तेव्हा एम.ए.च्या मुलींनी मला कुणाची तरी आई समजून ऑफिसचा रस्ता दाखवला. मी आई होतेच, पण त्या दिवशी प्रवेश परीक्षेचा निकाल बघायला आले होते आणि त्या यादीत माझं नाव होतं.

एम.ए. मी याच विभागातून केलेलं. मग लग्न, मग मुलगी, मग एका शाळेत सोशल सायन्स. इतक्या वर्षांत माझ्या वाट्याला भूगोल उरला तो पोरांकडून नकाशात नद्या भरून घेण्यापुरता. मुलगी शिकायला पुण्याला गेली, घर एकदम रिकामं झालं आणि मी इरेला पेटून पीएच.डी.ची परीक्षा दिली. पण परीक्षा पास होणं वेगळं आणि विषय मंजूर करून घेणं वेगळं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

विषयाच्या बाबतीत विभागाची एक रूढी होती. जो तो एक तहसील निवडायचा आणि तिथल्या जमिनीच्या वापरावर प्रबंध लिहायचा. आधीच्या विद्यार्थ्याने एक तहसील केलं असेल तर आपण शेजारचं घ्यायचं. तहसील बदलायचं, प्रकरणं तीच ठेवायची. विभागप्रमुखांनी मलाही एक तहसील काढून ठेवलं होतं, फार लांबचं नाही, बस सरळ जाते, असं त्यांनी मोठ्या प्रेमाने सांगितलं. मी नाही म्हटलं. मला इंदूरचाच अभ्यास करायचा होता, कारण माझा विषय मला आमच्या गच्चीवर मिळाला होता.

तो दिला सासूबाईंनी. सासूबाई अस्सल इंदूरच्या; त्यांचे आजोबा संस्थानच्या कचेरीत कारकून होते, आणि ही गोष्ट त्या दूधवाल्यालासुद्धा सांगतात. सुदामा नगरात आमचं घर आहे. मे महिन्यात एका संध्याकाळी कूलर बिघडला म्हणून आम्ही दोघी गच्चीवर जाऊन बसलो. गच्चीची फरशी तव्यासारखी तापलेली होती. बराच वेळ पदराने वारा घेतल्यावर त्या माझ्यावर उखडल्या.

"पहले ना, मे महिन्यात पण गच्चीवर गोधडी लागायची," त्या म्हणाल्या. "सगळी दुनिया माळव्याच्या रात्रीची तारीफ करायची. आता कूलर लावून पण नींद नाही येत. तू तर भूगोल शिकली आहेस ना? मग सांग, आमची रात्र गेली कुठे?"

मला राग आला, तो त्यांचा नाही, माझा. इतकी वर्षं मी फळ्यावर सहारा वाळवंटाचं हवामान शिकवत होते आणि माझ्या डोक्यावरच्या हवेबद्दल मला चार वाक्यं बोलता येत नव्हती. मी तेव्हाच ठरवलं की हाच माझा विषय. माळव्याची थंड रात्र या शहरात कुठे उरली आहे आणि कुठून हद्दपार झाली आहे, ते मोजायचं.

विभागात हा विषय ऐकून एकच माणूस खूश झाला, ते माझे सर. नकाशांच्या खोलीत जुन्या गुंडाळ्यांच्या गराड्यात बसणारे, बोलायला कमी, चहाला पहिले. ते लगेच हो म्हणाले. अडचण अशी होती की सरांची निवृत्ती जवळ आली होती. येत्या बैठकीत माझी नोंदणी झाली नाही तर नियमाप्रमाणे त्यांना नवीन विद्यार्थी घेता येणार नव्हता, आणि बाकीच्या मार्गदर्शकांनी मला आधीच हात जोडले होते. कुणाकडे जागा नव्हती, कुणाला शहराची हवा हा भूगोलच वाटत नव्हता. विभागप्रमुखांचं म्हणणं होतं की तापमान मोजणं हे हवामानखात्याचं काम आहे, आपण कशाला त्यात पडायचं. म्हणजे माझ्या हातात एक बैठक होती. तिथे विषय बसला तर बसला, नाहीतर पुन्हा नकाशात नद्या.

सर म्हणाले, नुसता विषय घेऊन गेलीस तर ते तुला गुंडाळतील, काहीतरी मोजून घेऊन जा. म्हणून हिवाळ्यात मी मोजायला लागले.

शहर दिवसभर ऊन पितं आणि ती ऊब रात्रभर सोडत राहतं. सूर्य उगवायच्या जरा आधी हवा सगळ्यात गार असते. त्या वेळी जी जागा अजून कोमट आहे, तिथे रात्रीला आपलं काम पुरं करता आलेलं नाही, असं समजायचं. तेव्हा मोजायचं ते पहाटे. सुदामा नगरच्याही पलीकडे, पश्चिमेला गव्हाची शेतं आहेत, तिथून सुरुवात करायची. कॉलनीतून राजवाड्यापर्यंत यायचं, तिथून उत्तरेला सांवेर रोडच्या कारखान्यांपर्यंत जायचं, वाटेत ठरलेल्या जागी थांबून तापमान घ्यायचं आणि त्याच वाटेने उलट परत यायचं. जाता-येता दोनदा मोजलं की मधल्या वेळात हवा जेवढी बदलली तेवढी हिशेबातून काढता येते आणि चूकही पकडता येते. चूक पकडता येते, असं पुस्तकात तरी लिहिलेलं होतं.

आमची स्कूटर बॅटरीवरची, त्यामुळे इंजिनाच्या उष्णतेचा प्रश्न नव्हता. तापमापकाला अंगाची ऊब लागू नये म्हणून तो कोळ्याची जाळी काढायच्या लांब दांड्याला बांधला आणि आकडे दिसायचा त्याचा भाग तारेने खाली मुठीजवळ आणला. त्याच्यावर दव पडू नये, दिव्यांचा उजेड पडू नये, पण हवा खेळावी, यासाठी पांढरं, भोकं असलेलं आवरण लागतं. विकतचं परवडण्यासारखं नव्हतं. मी श्रीखंडाचा प्लास्टिकचा डबा घेतला, तापवलेल्या दाभणाने त्याला चहूबाजूंनी भोकं पाडली आणि दांड्याच्या टोकाला उलटा अडकवला. सरांनी तो विभागाच्या आवारातल्या, तापमापक ठेवायच्या झडपांच्या पांढऱ्या पेटीशेजारी धरून दोन्हीकडचे आकडे ताडून पाहिले आणि माझ्या डब्याला मान्यता दिली. पेटीत त्या दिवसांत कबुतराने घरटं केलं होतं, म्हणून डबा जास्त भरवशाचा आहे असंही ते म्हणाले.

प्रश्न उरला दांडा धरायचा. स्कूटर चालवणाऱ्याला दांडा धरता येत नाही. नवऱ्याची सांवेर रोडच्या कारखान्यात सकाळची पाळी, तो त्या वेळी अंघोळीला असायचा. शेवटी सासूबाई म्हणाल्या की मी बसते मागे, माझी तर वैसे पण चारला नींद खुलते. मी नको-नको म्हटलं, नवऱ्याने डोक्याला हात लावला, पण दुसऱ्या दिवशी पहाटे त्या कानटोपी घालून, वर शाल लपेटून, हातमोजे चढवून जिन्याखाली हजर होत्या. एका हाताने माझा खांदा आणि दुसऱ्या हातात दांडा. त्यांच्या हातात तो दांडा भाल्यासारखा दिसायचा. रस्ता झाडणाऱ्या बायका आम्हाला बघून झाडू थांबवायच्या आणि सासूबाई त्यांना मान हलवून सलाम करायच्या.

त्या जानेवारीत मी जितकी आनंदात होते तितकी लग्नाच्या दिवशीही नव्हते. शेतांजवळ दात वाजायचे, हात बधिर व्हायचे आणि राजवाड्याच्या आसपास आलो की हवेचा काटा मोडायचा. मला ते गालावर कळायचं, आकडा नंतर दिसायचा. सासूबाई मागून बातम्या दिल्यासारखे आकडे ओरडायच्या, मी गाडी थांबवून लिहून घ्यायचे. एवढ्या वर्षांत आमचं एकमेकींशी भाजी आणि किल्ल्या यांपलीकडे बोलणं नव्हतं. आता आम्ही परत आल्यावर चहा घेत आकड्यांवर भांडायचो. सांवेर रोड सगळ्यात गरम निघणार, एवढे कारखाने आहेत, असं मी म्हणायचे. राजवाडाच निघेल, तिथे हवेला जायला जागा कुठे आहे, असं त्यांचं म्हणणं.

बैठकीच्या आदल्या आठवड्यात विभागाच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बसून मी नकाशा केला. गार जागा निळ्या, कोमट पिवळ्या, गरम लाल. कॉम्प्युटरने रंग भरले आणि मी बघतच राहिले. पश्चिमेला निळं, कॉलनीत पिवळसर, राजवाड्याभोवती नारिंगी, आणि सुदामा नगर व राजवाडा यांच्या मधोमध एका चौकात भडक लाल ठिपका. इतका लाल की बाकीचं शहर त्याच्यापुढे फिकं पडावं. सर बराच वेळ चष्मा वरखाली करत होते. तिथे दाट वस्ती असेल, सिमेंट जास्त असेल, असं ते पुटपुटले. मलाही ते पटलं. आपल्या पदरात काहीतरी घसघशीत पडलंय म्हटल्यावर कोण खोलात शिरतो.

बैठकीच्या दिवशी मी सासूबाईंनी दिलेली महेश्वरी नेसून गेले. टेबलाच्या मधोमध विभागप्रमुख, कडेला बाकीचे प्राध्यापक, आणि दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्या एक तज्ज्ञ मॅडम. करडे आखूड केस, साडीखाली स्पोर्ट शूज, आणि चेहऱ्यावर एक रेघ हलेल तर शपथ. कामकाज हिंदीत चाललं होतं. माझ्या आधीच्या दोन मुलांची तहसीलं चटचट मंजूर झाली. माझा नंबर आल्यावर विभागप्रमुखांनी प्रस्तावनाच अशी केली की या मॅडम गृहिणी आहेत, हौस दांडगी आहे, स्कूटरवरून फिरून काही आकडे आणले आहेत, बघून घेऊ. सर टेबलाकडे बघत बसले. माझी कानशिलं तापली, पण मी बोलायला लागले आणि मग थांबले नाही. शेतं, कॉलनी, राजवाडा, कारखाने, सगळं सांगितलं. शेवटी पडद्यावर नकाशा लावला.

तज्ज्ञ मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या. त्या उठून पडद्याजवळ आल्या आणि लाल ठिपक्यावर बोट ठेवलं. शहराच्या मध्यापासून बाजूला इतकी तीव्र उष्णता त्यांनी कुठल्याच नकाशात पाहिली नव्हती. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा हाच आकडा आला का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. रोज आला का? रोज. मग ही साधी गोष्ट नाही, असं त्या म्हणाल्या. ते ऐकून विभागप्रमुखांचा सूर बदलला. बहुत बढ़िया, असं म्हणत त्यांनी कागद पुढे ओढला. याच ठिपक्यावर काम करा, शीर्षकातही तेच घालू, विभागाचं नाव होईल. त्यांचं पेन उघडं होतं. सर माझ्याकडे बघून हसले. त्यांना मी त्याआधी कधी असं तोंडभर हसताना पाहिलं नव्हतं.

आणि मी पडद्याकडे पाहत होते. मॅडमच्या बोटाखाली तो चौक होता. डाव्या हाताला मेडिकल, उजव्या हाताला बंद पडलेला पेट्रोल पंप, आणि कोपऱ्यावर... कोपऱ्यावर पोह्यांची गाडी होती.

इंदूरचा माणूस पहाटे घराबाहेर पडला आणि पोहे न खाता परतला असं होत नाही. आम्हीही रोज त्या चौकात थांबायचो. जाताना पोहे आणि येताना जिलबी. खालच्या पातेल्यात पाणी उकळत असायचं आणि वर परातीत पोहे वाफेवर ठेवलेले असायचे. शेजारी जिलबीची कढई. सासूबाई थंडीने कुडकुडत भट्टीला खेटून उभ्या राहायच्या, एका हातात प्लेट आणि दुसऱ्या हातात दांडा. थांबतोच आहोत तर आकडाही घेऊ, म्हणून मी ती जागा मोजणीत धरली होती. श्रीखंडाचा डबा रोज जाताना पोह्यांच्या वाफेवर आणि येताना जिलबीच्या कढईवर लटकत होता. दोन्ही वेळचे आकडे जुळले नसते तरच नवल.

विभागप्रमुखांचं पेन कागदावर टेकत होतं. मी गप्प बसले असते तर नोंदणी झाली होती. हे मला तेव्हाही लख्ख कळत होतं. पण मला दिसत होतं ते हे, की पुढची कित्येक वर्षं मी एका पोह्यांच्या गाडीवर प्रबंध लिहिणार, आणि सासूबाईंनी विचारलेला प्रश्न तसाच राहणार. त्या कल्पनेने मला इतका संताप आला की तोंडातून निघूनच गेलं.

"मॅडम, वहाँ पोहे बनते हैं."

कुणाला काही कळलं नाही. मी सगळं सांगितलं, पोहे, जिलबी, वाफ, सासूबाई, प्लेट. आधी एका कोपऱ्यातून खुसखुस झाली आणि मग टेबलच्या टेबल हसायला लागलं. विभागप्रमुखांनी पेनाला टोपण लावलं. हेच तर मी म्हणत होतो, ते म्हणाले, घरगुती प्रयोग घरी ठीक आहेत. माझी फाइल त्यांनी बाजूच्या गठ्ठ्यावर ठेवली. सर उठून उभे राहिले, ते बसलेच नाहीत.

तज्ज्ञ मॅडम तेवढ्या हसल्या नव्हत्या. त्या अजून पडद्याजवळच होत्या. त्यांनी ठिपक्यावर तळहात ठेवून तो झाकला आणि उरलेला नकाशा बघत राहिल्या. मग मला विचारलं, उद्याही जाणार आहात का? मी म्हटलं, जाईन. त्यांची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची होती.

"तो कल मैं पीछे बैठूँगी," त्या म्हणाल्या. "फैसला उसके बाद."

घरी हे ऐकून सासूबाईंचा पारा चढला. पोह्यांचं त्यांना काही वाटलं नाही. भट्टीजवळ गरम लागतं हे काय नवीन सांगतेस, असं त्या म्हणाल्या. त्यांना लागलं ते जागेचं. परकी बाई येऊन त्यांच्या सीटवर बसणार होती. तरी पहाटे विद्यापीठाच्या गेस्ट हाउसवर न्यायला त्यांनी माझ्या हातात स्वतःची कानटोपी दिली आणि निरोपही दिला, की दांडा खाली करू नका, आणि डब्यावर हात ठेवू नका. मॅडमनी दोन्ही गोष्टी मुकाट्याने ऐकल्या. साडीवर त्यांनी पुरुषी जाकीट घातलं होतं, त्यावर कानटोपी. कालची रेघ न हलणारी बाई ती हीच, असं वाटत नव्हतं.

शेतांजवळ पोहोचलो तेव्हा धुकं जमिनीला चिकटून होतं. माझ्या मनात एकच भीती होती. लाल ठिपका गेला, आता बाकीचाही नकाशा गेला तर? ठिपक्याच्या आजूबाजूचे रंग खरे होते की तेही असेच कुठल्या तरी चहाच्या टपरीचे? मॅडम मागून आकडा सांगत, मी थांबून लिहीत असे. शेतांजवळ हवा नेहमीसारखी बोचरी निघाली. सुदामा नगरात ती जरा वर सरकली. मग तो चौक आला. पोहेवाल्याने लांबूनच हाक मारली, अम्माजी आज कहाँ हैं? मी गाडी थांबवली ती चौकाच्या पार दुसऱ्या टोकाला, जिकडून वारा येत होता तिकडे. मॅडमनी दांडा उंच धरला. तिथे लाल असं काही नव्हतं. शेजारच्या गल्लीत जेवढं तेवढंच चौकात.

राजवाड्याच्या गल्ल्यांत शिरलो आणि मला गालाला कळलं. मॅडमनी आकडा सांगितला, मग थांबून पुन्हा एकदा सांगितला. त्यांनी हातमोजा काढून एका दुकानाच्या भिंतीला तळवा लावला. भिंत कोमट होती. भर जानेवारीत, सूर्य उगवायच्या आधी, कालचं ऊन त्या भिंतीत अजून होतं. सांवेर रोडला रस्ता रुंद, शेडच्या मागे मोकळे भूखंड, तिथे हवा पुन्हा उतरली. सासूबाईंचं खरं निघालं आणि माझं चूक. परत येताना सगळे आकडे उलट्या क्रमाने तसेच आले.

शेवटची जागा मोजून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, आता त्या चौकात चला. पोह्यांच्या गाडीपाशी उतरून त्यांनी श्रीखंडाचा डबा मुद्दाम वाफेवर धरला. आकडा भराभर चढला. त्यांनी तो बघितला आणि मग त्या हसल्या, पोट धरून, कानटोपी मागे सरकेपर्यंत. त्यांनी पोहे दोनदा घेतले, वर शेव जास्त मागितली.

विभागात आम्ही दोघी बरोबरच शिरलो. सर दारातच होते, बहुधा पहाटेपासून. विभागप्रमुखांनी काही विचारायच्या आत मॅडमनी बाजूच्या गठ्ठ्यातून माझी फाइल ओढली आणि त्यांच्यासमोर ठेवली.

"पोहे हटा दिए, सर," त्या म्हणाल्या. "शहर फिर भी गरम है."

आणि सही केली. त्यांच्यानंतर एकेकाने केली. विभागप्रमुखांनीही केली, आणि वरून मला सांगितलं की विषयात दम आहे हे त्यांना पहिल्यापासून वाटत होतं. मी त्यांना वाकून नमस्कार केला. त्या दिवशी मी कुणालाही नमस्कार केला असता. सरांनी टेबलावरचा चहा स्वतःच्या हाताने मला दिला, तेव्हा मात्र मला रडू आवरेना.

त्यानंतरची वर्षं कशी गेली ते सांगत बसत नाही. उन्हाळे मोजले, हिवाळे मोजले, शाळा सोडली, चष्म्याचा नंबर वाढला. सर निवृत्त झाले तरी नकाशांच्या खोलीची किल्ली त्यांनी परत केली नाही आणि कुणी मागितलीही नाही. आता मी त्याच विभागात शिकवते. दर जानेवारीत आमची मुलं पहाटे शहरभर पसरतात, कुणी सायकलवर, कुणी स्कूटरवर, प्रत्येकाच्या दांड्याला भोकं पाडलेला श्रीखंडाचा डबा. विभागात आता एक नवीन रूढी आहे: शेवटचा आकडा लिहून होईपर्यंत कुणी पोहे खायचे नाहीत. हे मी पहिल्याच तासाला सांगते. पोरं हसतात, पण पाळतात. एक मुलगी आता एका नगरनियोजन कार्यालयात कामाला आहे, तिथे ती रस्त्याच्या रुंदीवर आणि झाडांवर मोठमोठ्या लोकांशी भांडते असं ऐकते. नोटीस बोर्डावर 'संशोधनाच्या संधी' याखाली आमचा शहराचा नकाशा लागलेला असतो.

माझी तोंडी परीक्षा झाली तेव्हा सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, काठापदराची साडी, नथ, सगळा थाट. परीक्षक म्हणून त्याच मॅडम आल्या होत्या. दोघींनी एकमेकींना कानटोपीची आठवण करून दिली. प्रश्न संपल्यावर रिवाजाप्रमाणे विचारलं गेलं, सभागृहातून कुणाला काही विचारायचं आहे का? अशा वेळी कुणीच विचारत नाही. सासूबाईंनी हात वर केला.

"सगळं ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "पण माझं तर अजून तेच आहे. आमची रात्र गेली कुठे?"

सभागृहात हशा झाला. मी हसले नाही. मी त्यांना उत्तर दिलं, जसं परीक्षकाला देतात तसं, पूर्ण. ती कुठे गेली नाही, आई. आपण भिंती आणि रस्ते एवढे दाटीने बांधले की तिला शहरात उतरायला जागा राहिली नाही. जिथे मोकळी जमीन आहे, झाडं आहेत, तिथे ती अजून रोज येते. आपल्या घरापासून फार लांबही नाही. मॅडमनी मान डोलावली आणि निकाल तिथेच जाहीर केला.

दुसऱ्या दिवशी पहाटे जिन्याखाली कानटोपी घालून सासूबाई उभ्या होत्या. तोवर त्यांचे गुडघे साथ देईनासे झाले होते, स्कूटरवर बसायला मला त्यांना धरावं लागलं. दांडा घेऊ का, असं त्यांनी सवयीने विचारलं. मी नको म्हटलं. शेतांजवळ नेऊन मी गाडी थांबवली. गहू गुडघ्याएवढा होता, धुकं होतं, आणि हवा अशी गार की डोळ्यांत पाणी यावं. त्या उतरल्या, बांधावर उभ्या राहिल्या, आणि त्यांनी शाल अंगावरून काढून माझ्या हातात दिली. मी ओरडणार होते, पण त्यांचा चेहरा बघून शालीची नुसती घडी घातली.

"हीच ती," त्या म्हणाल्या. "हीच होती आमच्या गच्चीवर."

बऱ्याच वेळाने त्यांनी शाल परत मागितली, नीट लपेटून घेतली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आज तर काही लिहायचं नाही ना? मग चल. आधी पोहे खाऊ."